आधी काय, मग काय : संयुक्त फलाच्या आकलनाचा आढावा

दिलेल्या प्रत्येक संख्येला ठरावीक नियमाने एक आणि एकच संख्या जोडून देणारा संबंध म्हणजे फल, ज्याला काही ग्रंथांत फलन असेही म्हणतात. आणि एका फलाचे उत्तर दुसऱ्या फलाच्या हाती सोपवले असता जे तिसरे फल तयार होते ते संयुक्त फल, इतक्या थोडक्यात या विषयाची व्याख्या सांगता येते. व्याख्या लहान असली तरी बीजगणिताच्या अभ्यासात विद्यार्थी जिथे अडखळतात अशा जागांपैकी ही एक ठळक जागा आहे, आणि अडखळण्याचे कारण आकडेमोडीत सापडत नाही. संयुक्त फल तयार होताना दोन पायऱ्यांच्या मधली संख्या अंतिम सूत्रात गिळली जाते; ती मधली संख्या पुन्हा पाहता येणे, तिचा क्रम ओळखता येणे आणि गरज पडल्यास त्याच वाटेने परत येता येणे यालाच संयोजनाचे आकलन म्हणावे लागते. परभणी जिल्ह्याच्या संदर्भात या प्रश्नाला विशेष अर्थ आहे, कारण पायऱ्यांची वाट उलट चालून अज्ञात संख्येपर्यंत पोचण्याची जी रीत भारतीय गणिताने जोपासली, तिच्या एका महत्त्वाच्या ग्रंथावर याच जिल्ह्यातील पाथरी येथे सोळाव्या शतकात टीका लिहिली गेली.

मधली पायरी गिळली जाते म्हणजे काय होते, हे मानवत, सेलू, परभणी या कापसाच्या बाजारपेठांतील रोजच्या हिशेबावरून स्पष्ट होते. जिनिंगमध्ये आलेल्या कापसातून सरकी आणि रुई वेगळी होते, आणि शंभर किलो कापसामागे किती किलो रुई निघते त्याला रुईचा उतारा म्हणतात. उतारा ३४ टक्के धरला, तर क्ष किलो कापसाला रुई जोडून देणारे फल फ(क्ष) = ०.३४ क्ष असे लिहिता येते. पुढे प्रेसिंगमध्ये १७० किलो रुईची एक गाठ बांधली जाते; म्हणून य किलो रुईला गाठींची संख्या जोडून देणारे फल ग(य) = य ÷ १७० असे होते. आता पहिल्याचे उत्तर दुसऱ्यात घातले की ग(फ(क्ष)) = ०.३४ क्ष ÷ १७० = क्ष ÷ ५००, म्हणजे पाच क्विंटल कापसाला एक गाठ हा ढोबळ हिशेब हाती येतो. हे सूत्र बरोबर आहे, सोयीचे आहे, पण त्यात रुई कुठेच दिसत नाही. ज्याला केवळ अंतिम सूत्र पाठ आहे त्याला उतारा ३४ वरून ३६ वर गेल्यास काय बदलायचे ते सांगता येणार नाही. ज्याला क्ष ÷ ५०० या सूत्राच्या पोटात ०.३४ आणि १७० हे दोन आकडे एकामागोमाग उभे दिसतात, त्याला तो बदल क्षणात करता येतो. शिवाय क्ष ÷ ५०० हे सूत्र आधी १०० ने आणि मग ५ ने भागूनही मिळते, म्हणजे एकाच संयुक्त फलाची फोड अनेक प्रकारे होऊ शकते, आणि त्यांपैकी अर्थपूर्ण फोड कोणती हे सूत्र स्वतः सांगत नाही, व्यवहार सांगतो.

संयोजनाच्या चिन्हांकनात क्रमाचा प्रश्न लगेच उभा राहतो. ग(फ(क्ष)) किंवा थोडक्यात ग∘फ असे लिहिले असता डावीकडून वाचणाऱ्याला आधी ग भेटतो, पण प्रत्यक्षात क्षवर पहिली क्रिया फची होते. ही उलटापालट गणिताच्या स्वभावातून आलेली नाही; फलाचे नाव संख्येच्या डावीकडे लिहिण्याच्या युरोपीय रूढीतून ती आली आहे. मराठी वाक्याचा स्वाभाविक क्रम याच्या अगदी उलट, म्हणजे क्रियेच्या क्रमाला धरून चालणारा आहे. ‘मुलाच्या वडिलांची आई’ या शब्दसमूहात आधी मुलगा येतो, त्यावरून वडील आणि त्यांवरून आई, असा डावीकडून उजवीकडे एकेक टप्पा पुढे सरकतो. तेच चिन्हांत लिहायचे झाले तर आ(व(क्ष)) असे उफराटे लिहावे लागते. जी गोष्ट मराठी मूल बोलताना सहज सुलट क्रमाने सांगते, ती ‘जी ऑफ एफ ऑफ एक्स’ या इंग्रजी उच्चारात उलटी होऊन त्याच्यासमोर येते, आणि याची जाणीव वर्गात फारच क्वचित करून दिली जाते. ग∘फ हे चिन्ह ‘फनंतर ग’ असे वाचण्याची सवय लावली तर अर्धा गोंधळ तिथेच मिटतो. ही सूचना केवळ मराठीच्या अभिमानातून आलेली नाही, कारण स्वतः बीजगणितज्ञांनीही फलाचे नाव उजवीकडे लिहिण्याचा पर्याय वापरून पाहिला आहे. भारतातील विद्यापीठांत दीर्घकाळ वाचले गेलेले हर्स्टाइन यांचे १९६४ मधील बीजगणिताचे पुस्तक हे त्याचे परिचित उदाहरण होय.

नात्यांच्या याच उदाहरणातून आणखी दोन गोष्टी पदरात पडतात. ‘वडिलांची आई’ आणि ‘आईचे वडील’ या दोन वेगळ्या व्यक्ती असतात, म्हणजे तीच दोन फले क्रम बदलून जोडली तर उत्तर बदलते. या गुणधर्माला संयोजन क्रमनिरपेक्ष नसणे असे म्हणतात. दुसरे असे की ‘वडील’ आणि ‘आई’ ही फले आहेत, पण ‘भाऊ’ हे फल नाही, कारण एखाद्याला भाऊ नसेल किंवा चार असतील, आणि फलाच्या व्याख्येत प्रत्येकाला एक आणि एकच उत्तर मिळावे लागते. संख्यांतही क्रमाचा हा परिणाम पाहायला मिळतो. एखाद्या दुकानात १५०० रुपयांच्या कापडावर १०० रुपयांची ठोक सूट आणि दहा टक्क्यांची सूट अशा दोन सवलती असतील, तर आधी १०० वजा करून मग दहा टक्के कमी केल्यास १२६० रुपये द्यावे लागतात, आणि आधी दहा टक्के कमी करून मग १०० वजा केल्यास १२५०. किंमत कोणतीही असो, हा दहा रुपयांचा फरक कायम राहतो, कारण पहिल्या क्रमात ठोक सवलतीतूनही दहा टक्के कापले जातात. उलट, दहा टक्के सूट आणि पाच टक्के कर अशा दोन्ही क्रिया गुणाकाराच्या असतील तर क्रमाने काहीच बिघडत नाही. क्रमाने काही वेळा फरक न पडणे हीच विद्यार्थ्याची खरी फसगत होण्याची जागा आहे; पाठ्यपुस्तकातील पहिलीच उदाहरणे अशी निघाली तर क्रम महत्त्वाचा नसतो असा ग्रह मनात घट्ट बसतो. क्रम बदलता येत नसला तरी गट मात्र बदलता येतात: तीन फले एकामागोमाग लावायची असतील तर पहिली दोन आधी जोडून घ्यावीत की शेवटची दोन, याने उत्तरात फरक पडत नाही, आणि याला साहचर्य गुणधर्म म्हणतात.

पाथरीचा संबंध येतो तो इथून पुढे. गोदावरीच्या खोऱ्यातील पार्थपूर, म्हणजेच आजची पाथरी, येथे राहणाऱ्या ज्ञानराज या ज्योतिषशास्त्रज्ञाने १५०३ च्या सुमारास ‘सिद्धान्तसुंदर’ हा ग्रंथ रचला, आणि त्याच्या नावावर बीजगणितावरील एक अध्यायही आहे. १५०७ च्या सुमारास जन्मलेला त्याचा पुत्र सूर्यदास याने भास्कराचार्यांच्या बीजगणितावर १५३८ मध्ये ‘सूर्यप्रकाश’ ही आणि लीलावतीवर १५४१ मध्ये ‘गणितामृतकूपिका’ ही टीका लिहिली. या टीकांचे महत्त्व केवळ स्थानिक नाही: हेन्री टॉमस कोलब्रुक यांनी १८१७ मध्ये लंडनला भास्कराचार्यांच्या अंकगणित-बीजगणिताचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केला, तेव्हा ज्या टीकाकारांचा त्यांनी आधार घेतला त्यांत पार्थपूरचा सूर्यदास होता. परभणीच्या शाळा-महाविद्यालयांत बीजगणित शिकणाऱ्या किती मुलांना हे नाव ठाऊक असेल, हा प्रश्न मनाला लागून राहतो.

सूर्यदासाने ज्या लीलावतीवर टीका लिहिली तो ग्रंथ ११५० चा, आणि त्यात विलोमविधी नावाची एक रीत आहे. तिचे मूळ आणखी मागे, आर्यभटाच्या ४९९ मधील ग्रंथापर्यंत जाते. एखाद्या अज्ञात संख्येवर ओळीने अनेक क्रिया झाल्या आणि शेवटचे उत्तर दिले असेल, तर शेवटाकडून सुरुवात करून प्रत्येक क्रियेच्या जागी तिची उलट क्रिया करत यावे, म्हणजे गुणाकाराच्या जागी भागाकार, बेरजेच्या जागी वजाबाकी, वर्गाच्या जागी वर्गमूळ, असा तिचा आशय आहे. लीलावतीतील प्रसिद्ध उदाहरणात एका संख्येला ३ ने गुणून त्या गुणाकाराचा तीन-चतुर्थांश त्यातच मिळवला जातो, ७ ने भागून आलेल्या भागाकारातून त्याचाच एक-तृतीयांश वजा केला जातो, आलेल्या संख्येचा वर्ग करून ५२ वजा केले जातात, वर्गमूळ घेऊन ८ मिळवले जातात, आणि १० ने भागल्यावर २ उरतात. आता उलटी वाट धरली तर २ ला १० ने गुणून २०, त्यातून ८ गेले १२, वर्ग १४४, त्यात ५२ मिळवून १९६, वर्गमूळ १४. इथे थोडे थांबावे लागते, कारण १४ ही संख्या स्वतःचा एक-तृतीयांश गमावून आलेली आहे, म्हणजे ती मूळ संख्येचा दोन-तृतीयांश आहे. उलटताना १४ चा एक-तृतीयांश मिळवून चालत नाही, त्याचे अर्धे, म्हणजे ७, मिळवावे लागतात आणि २१ येतात. भास्कराचार्यांनी या जागेसाठी वेगळा नियम दिला आहे, आणि तो देण्याची गरज वाटणे यावरूनच चूक कुठे होते याची त्यांना किती नेमकी जाण होती ते कळते. पुढे २१ गुणिले ७ म्हणजे १४७, जी मूळ गुणाकाराची सात-चतुर्थांश आहे, म्हणून ८४, आणि ३ ने भागून २८.

आजच्या भाषेत सांगायचे तर ही रीत म्हणजे संयुक्त फलाचे व्यस्त फल काढण्याचा नियम आहे: आधी फ आणि मग ग केले असेल, तर परतताना आधी गचे व्यस्त आणि मग फचे व्यस्त. मोंढ्यात धान्य पोत्यात भरून पोत्याचे तोंड सुतळीने शिवले असेल, तर धान्य काढताना शिवण आधी उसवावी लागते, या रोजच्या अनुभवाचेच ते संख्यारूप होय. पण साम्य दाखवताना मर्यादाही सांगणे हे अभ्यासकाचे कर्तव्य आहे. विलोमविधी ही संख्यांवरील कृतींची रीत आहे. फल या स्वतंत्र वस्तूची कल्पना, कोणत्या संख्यांवर ते लागू पडते याचा विचार आणि दोन फलांना जोडून तिसरे फल निर्माण करण्याची दृष्टी त्या काळातील ग्रंथांवर लादणे योग्य ठरणार नाही. वरच्याच उदाहरणात सुरुवातीला २८ ऐवजी उणे २८ घेतले तरी वर्गाच्या पायरीवर पुन्हा १९६ येतात आणि शेवटी २ च उरतात, म्हणजे एकाच उत्तराला दोन मूळ संख्या आहेत. धन संख्येचे वर्गमूळ धन आणि ऋण असे दोन्ही असते हे भास्कराचार्यांनी आपल्या बीजगणितात सांगितलेले आहेच. मात्र ज्या फलात दोन वेगळ्या संख्यांना एकच उत्तर मिळते त्याला व्यस्त फल नसते, आणि व्यस्त फल हवे असेल तर फल एकैकी, म्हणजे वेगळ्या संख्यांना वेगळी उत्तरे देणारे, असावे लागते, ही मांडणी खूप नंतरची आहे.

सूर्यदासाच्या नावावर आणखी एक रचना आहे, ‘रामकृष्णविलोमकाव्य’, जिचे श्लोक सुलट वाचले असता रामाची आणि अक्षरांच्या उलट क्रमाने वाचले असता कृष्णाची कथा सांगतात. गणितातील विलोम आणि काव्यातील विलोम हा एकच शब्द एकाच माणसाच्या लेखणीतून दोन क्षेत्रांत उतरावा, ही पाथरीच्या इतिहासातील फार सुंदर गोष्ट आहे. काव्यातील उलटण्याची क्रिया गणिताच्या दृष्टीने एक वेगळा नमुना पुढे ठेवते: ती दोनदा केली की मूळ ओळ जशीच्या तशी परत मिळते, म्हणजे ती स्वतःचेच व्यस्त आहे, आणि तिचे स्वतःशी केलेले संयोजन म्हणजे काहीही न बदलणारे फल, ज्याला तत्सम फल म्हणतात.

युरोपातील इतिहास इथे थोडक्यात सांगितला तरी पुरेसा आहे. लायब्निझ यांनी १६७३ च्या सुमारास ‘फंक्शन’ या अर्थाचा लॅटिन शब्द वापरला, ऑयलर यांनी १७३४ मध्ये कंसाचे आजचे चिन्हांकन वापरले, पण त्यांच्या काळी फल म्हणजे मुख्यतः एक सूत्र होते, आणि सूत्रात सूत्र घालणे यापलीकडे संयोजनाला वेगळे अस्तित्व नव्हते. व्यस्त फलासाठी फलाच्या डोक्यावर उणे एक लिहिण्याची पद्धत जॉन हर्शेल यांनी १८१३ मध्ये सुचवली, आणि त्यांचे मित्र चार्ल्स बॅबेज यांनी १८१५ आणि १८१६ मध्ये फल पुन्हा पुन्हा स्वतःवरच लावण्याचा पद्धतशीर अभ्यास केला. १८३७ मध्ये डिरिक्ले यांनी फल सूत्राच्या जोखडातून सोडवले, आणि १९४५ मध्ये आयलेनबर्ग व मॅकलेन यांनी तर संयोजनालाच पायाभूत मानून गणिताची एक नवी शाखा उभी केली. हर्शेल यांचे चिन्ह सोयीचे असले तरी त्याने एक कायमचा घोटाळा मागे ठेवला: डोक्यावरचा उणे एक पाहून विद्यार्थी १ भागिले फल असा अर्थ लावतात, आणि फलाच्या डोक्यावरचा दोन कधी ‘दोनदा लावणे’ तर कधी ‘वर्ग करणे’ असा वाचला जातो.

फल ज्या संख्यांवर लागू पडते त्या संख्यांच्या संचाला प्रांत आणि प्रत्यक्षात जी उत्तरे मिळतात त्यांच्या संचाला व्याप्ती म्हणतात. ग∘फ तयार व्हायचे असेल तर फची व्याप्ती गच्या प्रांतात सामावली पाहिजे, आणि ही अट पाठ्यपुस्तकात एका ओळीत येऊन जाते. तिचे महत्त्व जिंतूर तालुक्यातील पूर्णा नदीवरच्या येलदरी धरणावरून कळते. धरणाची पाणीपातळी मोजली जाते. पातळीवरून साठा काढण्यासाठी सर्वेक्षणातून तयार केलेला तक्ता असतो, आणि साठ्यावरून टक्केवारी सांगितली जाते. येलदरीचा एकूण साठा ९३४.४४ दशलक्ष घनमीटर, त्यातील मृतसाठा १२४.६७ आणि उपयुक्त साठा ८०९.७७. म्हणून साठा य असेल तर टक्केवारी ग(य) = (य − १२४.६७) ÷ ८०९.७७ × १००. वृत्तपत्रात छापली जाणारी टक्केवारी हे पातळीचे संयुक्त फल आहे, आणि मधला साठा वाचकाला दिसत नाही. साठा १२४.६७ पेक्षा खाली गेला तर सूत्र ऋण संख्या देते. तिला अर्थ आहे की नाही हे गचा प्रांत कसा ठरवला यावर अवलंबून असते. उजनी धरणाचा साठा उन्हाळ्यात ‘उणे’ टक्क्यांत सांगितला जातो, तो प्रांत मृतसाठ्याच्या खालीही वाढवल्यामुळे. शिवाय वर्षानुवर्षे गाळ साचत गेला की तीच पातळी कमी साठा दाखवते, म्हणजे पहिले फल बदलते, आणि ते नव्याने मोजले नाही तर दुसरे फल कितीही अचूक असले तरी टक्केवारी चुकते. धरण भरत असताना साठा किती वेगाने वाढतो, हे पातळी वाढण्याचा वेग गुणिले त्या पातळीवरच्या जलपृष्ठाचे क्षेत्रफळ इतके असते. कलनशास्त्रातील साखळी नियम, म्हणजे संयुक्त फलाच्या बदलाचा दर पायऱ्यांच्या दरांच्या गुणाकाराइतका असतो हा नियम, याहून वेगळे काही सांगत नाही. तळाशी एक फूट पाणी वाढणे आणि काठोकाठ भरत आल्यावर एक फूट वाढणे यांत जो फरक असतो, तो या गुणाकारातल्या क्षेत्रफळाचा असतो.

विद्यार्थ्यांच्या आकलनावर जे संशोधन झाले आहे त्यात ॲना स्फार्ड यांनी १९९१ मध्ये मांडलेला विचार सर्वांत उपयुक्त वाटतो: गणितातील एकच कल्पना कृती म्हणूनही आणि वस्तू म्हणूनही पाहावी लागते, आणि कृतीकडून वस्तूकडे जाणे हीच अवघड उडी असते. एड डुबिन्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीही कृती, प्रक्रिया आणि वस्तू अशा टप्प्यांनी फलाचे आकलन मांडले. संयोजनात ही उडी टाळताच येत नाही, कारण फ(क्ष) हे एकाच वेळी ‘करायचे काम’ आणि ‘झालेल्या कामाचे उत्तर’ असते, आणि गला ते उत्तर म्हणून हवे असते. ज्याच्या लेखी फ(क्ष) अजून काम आहे तो ग(फ(क्ष)) चा अर्थ गुणाकार असा लावून मोकळा होतो. महाराष्ट्रात मराठी माध्यमातून दहावी झालेला विद्यार्थी अकरावीच्या विज्ञान शाखेत आला की गणित इंग्रजीतून सुरू होते, आणि फल ही कल्पना नेमकी याच वळणावर त्याच्यासमोर विस्ताराने येते. कल्पनेची उडी आणि भाषेची उडी एकाच वेळी मारावी लागणे हा गंगाखेड, जिंतूर, सोनपेठच्या मुलांवर पडणारा दुहेरी भार आहे. तो हलका करण्यासाठी सूत्रांत सूत्रे घालण्याच्या सरावाआधी मधली संख्या वेगळ्या स्तंभात लिहायला लावणारे तक्ते आणि लीलावतीतल्यासारखी उलट वाटेची उदाहरणे द्यावीत, हे सर्वांत कमी खर्चाचे आणि सर्वांत खात्रीचे साधन आहे. उलट वाटेवर मधली पायरी लपवताच येत नाही.

मात्र प्रत्येक वाट उलटता येते असेही नाही, आणि याचे सर्वांत सुंदर मराठी उदाहरण देवळालीच्या शाळेत शिकवणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांनी दिले आहे. चार अंकी संख्येतील सर्व अंक सारखे नसतील, तर अंक उतरत्या क्रमाने मांडून होणाऱ्या संख्येतून चढत्या क्रमाची संख्या वजा करावी, हे एक फल. आणि त्याचे स्वतःशीच पुन्हा पुन्हा संयोजन करत गेल्यास जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येते, हे कापरेकरांनी १९४९ मध्ये जाहीर केले. ३५२४ पासून निघाले तर ३०८७, ८३५२ आणि ६१७४, अशा तीनच पायऱ्या लागतात. २००५ पासून निघाले तर ५१७५, ५९९४, ५३५५, १९९८, ८०८२, ८५३२ आणि मग ६१७४, म्हणजे पूर्ण सात. सात वेळा लावलेले हे संयुक्त फल अचल फल आहे, प्रांतातील प्रत्येक संख्येला ते एकच उत्तर देते; त्यामुळे ६१७४ हातात घेऊन विलोमविधीने मागे निघालेल्या माणसाला आपण ३५२४ पासून आलो की २००५ पासून, हे वाटेतल्या पायऱ्या लिहून ठेवल्या नसतील तर कधीच कळणार नाही.